बार्शी लाईट, चंद्रभागा आणि पाण्याची गाडी

एप्रिल २०१६. मांजरा धरण आटलेलं, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागलेली, आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यायचं ठरलं. राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेनं धुतलेले टँकर मिरजेला आले, त्यांत कृष्णेचं पाणी भरलं आणि १२ एप्रिलला पहाटे पहिली गाडी लातूरला पोचली. दहा टँकर, पाच लाख लिटर. पुढं पन्नास टँकरची गाडी सुरू झाली. एका खेपेला पंचवीस लाख लिटर. 'जलदूत' म्हणून ती सगळ्यांच्या लक्षात आहे.

मी वाचलेल्या बातम्यांत एक गोष्ट मात्र कुठं आली नव्हती. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर ही त्या गाडीची वाट म्हणजे जुनी बार्शी लाईट, अरुंद रुळांची छोटी रेल्वे. मधला एक तुकडा सोडला तर रेघ तीच, फक्त रुंदी बदललेली. त्या दिवसांत पंढरपुरात आमच्या घराजवळच्या चहाच्या गाड्यावर यावरून वाद पेटला. एक म्हातारा म्हणाला, "छोटी गाडी काढली ते वाटोळं केलं." दुसरा म्हणाला, "ते काय रेल्वे होती व्हय? खेळणं होतं." तिसऱ्यानं मला विचारलं, "तुमचे अण्णा रेल्वेच्या गँगमध्ये होते ना? छोट्या गाडीनं गेलं असतं का लातूरला पाणी?"

तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोलून सुटलो. पण प्रश्न चांगला होता, आणि त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं. त्यासाठी हे लिहिलं. मध्ये नदी येत राहील, कारण माझ्या डोक्यात ही लाईन नदीपासून सुटी होत नाही.

पाच टन

मुंबईहून मद्रासकडे जाणारी मुख्य लाईन कुर्डुवाडीवरून गेली आणि बार्शी बाजूला राहिली. बार्शी ही कापसाची आणि भुसाराची मोठी पेठ. बालाघाटावरचा आणि पलीकडच्या निजामाच्या मुलखातला माल तिथं यायचा आणि पुढं बैलगाड्यांनी स्टेशनला. कुर्डुवाडीच्या त्या स्टेशनचं नाव तेव्हा बार्शी रोड. नावात 'रोड' आला की समजावं, गाव इथून लांब आहे. मिरजेच्या फाट्यावर जत रोड आहे, त्याचीही तीच कथा.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरी केलेला इंग्रज इंजिनिअर. बार्शी रोड ते बार्शी हा पट्टा त्याच्या डोक्यात बसला. १८९५ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये गाडी धावली. रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजचं १६७६ असतं, निम्म्याहूनही कमी.

आता यातली खरी हुशारी. लहान रेल्वे बांधायची म्हणजे मोठी रेल्वे आटवायची, असा साधारण रिवाज होता. कॅलथ्रॉपनं रुंदीऐवजी वजनापासून सुरुवात केली. कुठल्याही एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीच्या आसावर, पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा नियम. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालडबा, सगळ्यांना तोच नियम. एवढं पाळलं की रूळ वाराला ३० पौंडांचा चालतो, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आज मुख्य मार्गांवर ६० किलोचा रूळ पडतो. लीड्सच्या किटसन कंपनीनं त्याला जी पहिली इंजिनं करून दिली त्यांना एकमेकांना जोडलेली आठ चाकं होती, वजन पसरावं म्हणून. डबे बोगीवर, म्हणजे डब्याखाली वळणाऱ्या चारचाकी गाड्यांवर, चौकटी दाबून घडवलेल्या पोलादाच्या, कारण डबा स्वतः जितका हलका तितका माल जास्त. भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथं रूळ टाकून या सगळ्याची चाचणी घेतली होती.

खेळणं म्हणणाऱ्यांनी हे एवढं तरी ऐकावं. पुढं या माणसानं इंग्लंडात एक छोटी रेल्वे बांधली, विमानातून उडी मारायचं पॅराशूटही बनवलं. म्हणजे वजन खाली कसं उतरवायचं हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला म्हणायचा.

आमचे आजोबा कंपनीच्या काळात गँगमध्ये होते. वडील, अण्णा, लागले ते १९५५ मध्ये, म्हणजे लाईन सरकारनं विकत घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी. अण्णांना पाच टनांचं सूत्र कुणी शिकवलेलं नव्हतं, पण त्यांच्या बोलण्यात ते होतं. "काळ्या रानातला रूळ पावसाळ्यात झोपतो," असं ते म्हणायचे. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भराव खालीवर होतो. सब्बल घालून, खडी ठोकून रूळ पुन्हा उठवायचा हे गँगचं काम. गाडी हलकी असल्यामुळं आठ-दहा माणसांच्या गँगला ते झेपायचं. हलकेपणा ही या लाईनीची गरिबी नव्हती. या मातीला तो बरोबर बसला होता, असं माझं मत आहे आणि ते अण्णांच्या सब्बलीवरून बनलेलं आहे.

१९०६ मध्ये गाडी पंढरपूरला आली, १९११ मध्ये लातूरला गेली, १९२७ मध्ये मिरजेला टेकली. एकूण २०२ मैल, सुमारे ३२५ किलोमीटर. कॅलथ्रॉप त्याच १९२७ साली वारला.

पूल

कुर्डुवाडी नदीच्या एका अंगाला आणि पंढरपूर दुसऱ्या. त्यामुळं या लाईनीला भीमा ओलांडावीच लागते. तीच नदी पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते आणि चंद्रभागा होते.

आमची चाळ स्टेशनजवळ होती, पण पोरांचा दिवस जायचा वाळवंटात. पंढरपूरकर नदीच्या पात्राला वाळवंटच म्हणतो. परगावच्या माणसाला वाटतं, हे लोक राजस्थानात गेले होते की काय. उन्हाळ्यात पात्र एवढं रुंद उघडं पडायचं की मधल्या धारेपर्यंत पोचेतो तळपाय भाजायचे. वाळूत कोपरभर खोल हात घालून उकरलं की झिरा लागायचा. पहिलं पाणी गढूळ, ते ओंजळीनं उपसून टाकायचं, दुसरंही टाकायचं, तिसऱ्या खेपेला जे येईल ते प्यायचं. वाळूत केलेल्या वाड्यांतून टरबुजं आणि वाळकं यायची. वाळूक चोरण्यात काही पुरुषार्थ नव्हता, मागितलं तरी द्यायचे, पण आम्ही चोरायचो.

पूल हा मात्र अण्णांचा मुलूख होता. त्यावर जायची बंदी. मधेमधे कठड्याबाहेर काढलेल्या छोट्या मोऱ्या असत, गाडी आली तर गँगमननं त्यात उभं राहायचं. मला त्या मोरीत उभं राहून गाडी जाऊ द्यायची फार इच्छा होती. ती आजतागायत पुरी झालेली नाही.

धावत्या छोट्या गाडीतून उतरायचं, काम उरकायचं आणि पळत जाऊन पुन्हा चढायचं, असं आमच्याकडचा प्रत्येक जण सांगतो. गाडीचा वेग बघता ते अशक्य नव्हतं. पण माझं सगळं बालपण त्या रुळाकडेला गेलं आणि मी एकालाही तसं करताना पाहिलं नाही. वारीत टपावर बसलेले लोक मात्र पाहिलेत, इतके की टप दिसायचा नाही. आजी म्हणायची की तिच्या लहानपणी आषाढीला मालडब्यांतूनही माणसं यायची. उभ्यानं, टाळ छातीशी धरून, कारण हात खाली घ्यायला जागा नाही.

आणि एक रात्र. मी सहावीत होतो, श्रावण चालू होता. दुपारीच बातमी आली की पुंडलिकाच्या देवळाला पाणी लागलंय. पंढरपुरात पुराचं माप फुटांत सांगत नाहीत, पुंडलिकावरून सांगतात. नीरा नदी वर नरसिंहपूरला भीमेला मिळते. दोन्हींकडचं पाणी एकदम आलं की आमच्याकडं झोपायची सोय नसते. तेव्हा वर उजनीचं धरण बांधून झालेलं नव्हतं, ते १९८० मध्ये पुरं झालं.

अण्णांची पूल-पहाऱ्याची पाळी होती. आईनं भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून मला दिली. कंदील घेऊन शेजारचे काका सोबत. पुलाच्या तोंडाशी अण्णा पोतं पांघरून बसलेले. शेजारी तीन रंगांची हातबत्ती, आणि पत्र्याच्या डबीत फटाके. हे फटाके दिवाळीचे नव्हेत. गाडीला थांबवायचं असलं की रुळावर बांधायचे, चाकाखाली फुटले की ड्रायव्हर ब्रेक मारतो.

"हितंच बस," अण्णा म्हणाले. "पुढं पाय टाकलास तर तंगडं मोडीन."

पुलाच्या खांबावर पांढऱ्या रंगात फुटांचे आकडे आणि वर धोक्याची लाल रेघ रंगवलेली होती. अण्णा थोड्या थोड्या वेळानं बत्तीचा झोत खांबावर टाकायचे आणि काकांना आकडा सांगायचे. काका तो वहीत लिहायचे. रेघ आणि पाणी यांत मला तेव्हा हातभर अंतर दिसलं. पलीकडच्या तीरावर कुर्डुवाडीहून आलेली गाडी थांबवून ठेवली होती. तिच्या इंजिनाची भट्टी अधूनमधून उघडायची, तेवढाच तांबडा उजेड पाण्यावर लांब पडायचा. पुराचा असा वेगळा आवाज मला आठवत नाही. अण्णांनी माझा हात धरून रुळावर ठेवला. रूळ थरथरत होता, गाडी नसताना. "ही नदी हाय," ते म्हणाले.

पहाटे आकडा उतरायला लागला. मग अण्णा आणि काका दोघं पूल चालत गेले, एकेक खांब बघत, आणि परत आले. त्यानंतर गाडी सोडली, माणसाच्या चालीनं. पुलावर ती इतकी हळू होती की खिडकीतल्या एका बाईनं मला विचारलं, "बाळा, चहा मिळल का रं स्टेशनात?"

कुर्डुवाडीचा फलाट

मग ही गाडी गेली का? वेगामुळं, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. एसटीनं प्रवासी ओढले हे खरं, पण मालाचं दुखणं वेगळं होतं आणि ते कुर्डुवाडीच्या फलाटावर दिसायचं.

पासावर अण्णांबरोबर कुर्डुवाडीला गेलो की मी हमालांकडं बघत बसायचो. एका बाजूला छोटा डबा, दुसऱ्या बाजूला मोठा. लातूरची डाळ, बार्शीचं भुसार छोट्या डब्यातून उतरायचं, पाठीवरून फलाट ओलांडायचं आणि मोठ्या डब्यात चढायचं. प्रत्येक पोतं आकडा लावून उचललेलं, म्हणून प्रत्येक पोत्याला भोक. फलाटावर दाण्यांचा सडा आणि त्यावर चिमण्या-पारव्यांचं राज्य. त्या पाखरांना गेज बदलल्याचं दुःख सगळ्यांत जास्त झालं असणार.

एक पोतं दोनदा उचलायचं म्हणजे दोनदा हमाली, जादा दिवस, तूट आणि भिजण्याची भीती. ट्रक आल्यावर व्यापाऱ्यानं सरळ हिशेब केला. ट्रक लातूरच्या आडतीत भरतो आणि मुंबईच्या दुकानापुढं रिकामा होतो. कॅलथ्रॉपच्या काळात छोट्या गाडीची स्पर्धा बैलगाडीशी होती, तिथं ती कैक पटींनी जिंकली. मोठ्या जाळ्याला जोडलेलं असण्याचं मोल जसं वाढत गेलं, तशी ती हरत गेली. पाच टनांच्या नियमात चूक नव्हती. पण अडीच फुटांचा रूळ जिथं संपतो तिथं माणसाची पाठ लागते, आणि ती पाठ दरवर्षी महाग होत जाते.

रुंदीकरण तुकड्यातुकड्यानं झालं. कुर्डुवाडी–पंढरपूर २००२ मध्ये, लातूर ते उस्मानाबाद २००७ मध्ये, तिथून कुर्डुवाडी २००८ मध्ये. त्याच वर्षी पंढरपूर–मिरज छोटी गाडी थांबली आणि २०१० मध्ये तिथं ब्रॉडगेज आलं. सुरुवातीला मधला एक तुकडा म्हणालो तो हा: जुनी लाईन येडशीवरून जायची आणि उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, टाळून जायची. नवी लाईन वळवून शहरातून नेली. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे मिळायला एकविसावं शतक उजाडलं. छोट्या गाडीच्या आठवणीनं गळा काढताना हेही आठवलेलं बरं.

हिशेब

आता चहाच्या गाड्यावरचा प्रश्न. मूळ मापाचा मालडबा घेऊ. चार अ‍ॅक्सल, प्रत्येकी पाच टन, म्हणजे भरलेल्या डब्याचं सगळं वजन वीस टन. डब्याचं स्वतःचं वजन पाच टन धरू. उरले पंधरा टन, म्हणजे पंधरा हजार लिटर पाणी. जलदूतच्या एका टँकरमध्ये पन्नास हजार होतं. पंचवीस लाख लिटरला पन्नास मोठे टँकर लागले, छोटे १६७ लागले असते. पंधरा डब्यांची एक गाडी धरली तर अकरा-बारा गाड्या, सगळ्या एकेरी लाईनीवर, समोरून येणाऱ्या रिकाम्या गाड्यांना वाट देत. शिवाय मिरज ते लातूर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. ताशी पंचवीसच्या चालीनं तेरा-चौदा तास, तेही कुठं थांबलं नाही तर. पुढच्या काळात छोट्या लाईनीवरही भार थोडा वाढला होता, पण त्यानं हिशेबाची जात बदलत नाही.

याहून मोठी अडचण म्हणजे टँकर आणायचे कुठून? कोट्यात धुतलेला टँकर स्वतःच्या चाकांवर मिरजेपर्यंत आला, कारण कोट्यापासून लातूरपर्यंत रूळ आता एका मापाचा आहे. अडीच फुटांच्या लाईनीसाठी देशात कुठं पन्नास टँकर पडून होते? म्हणजे उत्तर असं: छोट्या गाडीनं पाणी गेलं असतं, पण शहराची तहान भागली नसती.

पण छोट्या गाडीच्या बाजूनं एक मुद्दा राहतो आणि तो मी सोडणार नाही. मोठी लाईन आली ती छोटीच्या भरावावर, छोटीच्या जमिनीवर, बव्हंशी छोटीनं शोधलेल्या वाटेवर. शंभर वर्षं एक पट्टा मोकळा राखला गेला म्हणून तो रुंद करता आला. मिरजेहून लातूरला जायला नवी वाट आखायची असती तर अजून भूसंपादनाच्या तारखा पडत असत्या.

रेघ

मे महिन्यात मी अण्णांना घेऊन पुलाकडं गेलो. ते तेव्हा ब्याऐंशीचे. उजनी मृतसाठ्यात गेलेलं, त्यामुळं खाली चंद्रभागा म्हणजे कोरडं पात्र, त्यात डबकी आणि खड्डे. आमच्या लहानपणीची सपाट वाळू कुठंच नव्हती. वाळू उपसून उपसून पात्र खाली गेलंय. झिरा काढायचा तर आधी वाळू शोधावी लागेल.

जलदूत आली तेव्हा अण्णांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि कान दिला. मी टँकर मोजत होतो, सव्वीसला चुकलो, पुन्हा धरलं. कुठल्यातरी टँकरच्या झाकणातून पाणी हिंदकळून बाहेर आलं होतं. पोटावरून ओघळ उतरून ते स्लीपरवर पडत होतं. गाडी गेल्यावर अण्णा वाकले आणि रुळावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"किती टनी?" त्यांनी विचारलं.

मी भरलेल्या टँकरचं वजन सांगितलं, मग चारनं भागून एका अ‍ॅक्सलवर किती येतं तेही सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खांबावर रेघ हाय का बघ, लाल."

मी खाली उतरून बघितलं. आकडे होते, रेघही होती, ताज्या रंगाची. तिच्याखाली उभा राहिलो आणि हात वर केला. लहानपणी आठवते त्याहून ती कितीतरी उंच गेली होती. मी मोठा झालो होतो, तरी. मग लक्षात आलं की मी उभा होतो ती जमीनच खाली सरकली आहे.

"हाय का?" वरून अण्णांनी ओरडून विचारलं.

"हाय," मी म्हणालो.